प्रीसेट सेव्ह केला म्हणजे कुठेही तोच उजेड?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हौशी नाट्यमंडळांत एक समज जुना आहे: लाइट कन्सोलवर (दिवे चालवायच्या यंत्रावर) प्रीसेट, म्हणजे दिव्यांच्या ठरवलेल्या सेटिंग्ज, एकदा सेव्ह केले, की कुठल्याही रंगमंचावर तोच उजेड मिळतो.

असं वाटणं साहजिक आहे, कारण त्याच हॉलमध्ये, त्याच जोडणीवर ते बटण खरंच हुबेहूब तेच देतं. पण कन्सोल उजेड साठवत नाही, आकडे साठवतो. डीएमएक्स ही कन्सोलकडून दिव्यांना आकडे पाठवायची पद्धत; तिच्या एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका संचात, ५१२ चॅनेल असतात, प्रत्येकाची किंमत ० ते २५५. मूव्हिंग हेडची (कन्सोलवरून फिरवता येणाऱ्या दिव्याची) 'मध्यभागी नट' ही जागा म्हणजे फक्त पॅन (डावी-उजवीकडे वळणं) आणि टिल्टचे (वर-खाली झुकणं) आकडे. दुसऱ्या गावी दिवे टांगायचा समोरचा बार २ फूट खाली बांधला, की तेच आकडे चेहऱ्यावरचा झोत छातीपोटावर उतरवतात. साध्या दिव्यांचंही तसंच: चॅनेल ७ वर तिथे वेगळाच दिवा असू शकतो.

पडताळायचंय? रंगमंचावर टेपची खूण करा, झोत खुणेवर आणून प्रीसेट सेव्ह करा. आता दिवा बारवर थोडा सरकवा आणि तोच प्रीसेट पुन्हा बोलवा. झोत खूण सोडून पडेल.

म्हणून प्रीसेट फुकट गेले असं मात्र नाही. क्यू (प्रयोगात ठरल्या क्षणी होणारे प्रकाशबदल) प्रीसेटला जोडून बांधले असतील, तर नव्या हॉलमध्ये एक प्रीसेट दुरुस्त करून अपडेट केला की त्यावरचे सगळे क्यू सुधारतात.