शेपूट वर, नाक खाली : मसल कारच्या उचललेल्या पाठीची पार्श्वभूमी

१९७५च्या आसपासचा अमेरिकेतला एखादा पेट्रोल पंप डोळ्यांसमोर आणा. विशीतला एक मुलगा आपल्या सेकंडहँड शेव्हरोले शेव्हेल गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसला आहे. मागच्या बंपरखाली, टायरला असतो तसाच एक छोटा व्हॉल्व्ह आहे. त्याला तो टायरची हवा भरायची नळी लावतो आणि गाडीचा मागचा भाग हळूहळू वर येऊ लागतो. दोन बोटं, चार बोटं. बोनेट जमिनीकडे झुकलेलं आणि डिक्की वर, अशी गाडी उभी राहिली की तो नळी काढून हात पुसतो.

त्या मुलाच्या पिढीने आता सत्तरी गाठली आहे, आणि ती त्याच उंच पाठीच्या गाड्या पुन्हा शोधते आहे. मधली बरीच वर्षं या रूपाला लोक हसत होते. मला ते हसणं कधीच पटलं नाही, कारण ही उंची आली ती गरजेतून.

सुरुवात हॉट रॉडपासून, म्हणजे वेगासाठी घरच्या घरी बदललेल्या जुन्या गाड्यांपासून. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या आवाक्यातली व्ही-८ इंजिनाची गाडी आणली. ताकद ६५ हॉर्सपॉवर. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं अशा जुन्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून वजन कमी करायची आणि मुरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून संघटनाही काढली. तिथे शर्यत होती कमाल वेगाची. मागचं चाक मोठं असलं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणून मागे मोठे टायर. पुढे छोटे आणि हलके. गाडी आपोआप पुढे झुकली. या झुकावाला तिकडे ‘रेक’ म्हणतात. महायुद्धानंतर घरी परतलेल्या तरुण सैनिकांनी हा नाद मोठा केला. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघालं, आणि कॅलिफोर्नियाचं हे रूप पार देशाच्या दुसऱ्या टोकाच्या गावांतही पोचलं.

तेव्हाच्या सगळ्या गाड्या मात्र अशा नव्हत्या. छत कापून ठेंगण्या केलेल्या मर्क्युरी गाड्यांची शेपूट उलट रस्त्याला टेकायला आलेली असे. ड्रॅग, म्हणजे छोट्या सरळ पट्टीवरच्या, शर्यतींतल्या ‘गॅसर’ गाड्यांचं तर नाकच वर. सुटताना वजन मागच्या चाकांवर यावं, हा त्यामागचा हेतू.

पाठ उचलण्याचा दुसरा धडा ड्रॅग स्ट्रिपवरूनच मिळाला. इंजिनाचा जोर मागच्या ॲक्सलवर आला की ॲक्सल पिळतो, उजवं चाक उचलायला बघतं आणि जागेवरच फिरतं. क्रायस्लरने शर्यतीच्या गाड्यांसाठी खास कमानपाटे (लीफ स्प्रिंग) काढले. त्यांत उजव्या बाजूच्या पाट्यांना जास्त बाक. गाडी उभी असताना मागून वर दिसे, आणि उजवीकडून तर आणखी थोडी वर. नीट पाहिलं तर ती एका खांद्यावर ओझं घेतल्यासारखी वाटते. शर्यत बघायला गेलेल्या पोरांना जिंकणारी गाडी अशी दिसली, मग आपलीही तशीच हवी.

आता मसल कार, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन. १९६४ मध्ये पॉन्टियॅकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवून जीटीओ आणली. पॉन्टियॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या अंतर्गत नियमात मध्यम गाडीत एवढं मोठं इंजिन बसत नव्हतं. म्हणून पॉन्टियॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन यांच्या चमूने इंजिन ‘ऐच्छिक सामान’ म्हणून विकलं. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. १९७० पर्यंत शेव्हेलचं सर्वांत दांडगं इंजिन कागदोपत्री ४५० हॉर्सपॉवरला पोचलं होतं.

मग विम्याचे हप्ते भडकले, धुराचे नियम आले, १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं. १९७५ ची साधी कॉर्व्हेट १६५ हॉर्सपॉवरवर आली (मोजण्याची पद्धत बदलली होती हे धरूनही ही घसरण मोठीच). पेट्रोल पिणाऱ्या जुन्या मसल कार मालकांना नकोशा झाल्या आणि स्वस्तात विकल्या गेल्या. त्या घेतल्या कमी पगाराच्या पोरांनी, आणि इथेच या रूपाचं खरं घर आहे.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती मागे रुंद टायर आणि क्रोमची क्रेगर चाकं घालण्याची. टायर मडगार्डच्या कडेला घासू लागले. ॲक्सल आखूड करून घ्यायला पैसे कुणाकडे होते? त्यापेक्षा गाडीच वर उचलणं सोपं. कुणी कमानपाट्यांना लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या पट्ट्या) लावले, कुणी हवेचे शॉकअप बसवले. गॅब्रिएलचे ‘हायजॅकर’ त्यांत सगळ्यांत गाजले. चाकण आणि नाशिकच्या कारखान्यांमुळे गॅब्रिएल हे नाव आपल्यालाही ओळखीचं आहे. पाठ वर गेल्यावर खालचं सगळं दिसू लागलं, मग डिफरन्शियलचं झाकण क्रोमचं झालं आणि पाटे पिळू नयेत म्हणून त्यांच्याखाली लावलेले ट्रॅक्शन बार पिवळेधमक रंगवले गेले. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांच्याकडे खेळण्यातल्या हॉट व्हील्स होत्या. १९६८ च्या पहिल्या १६ गाड्यांतली एखादी कस्टम कमॅरो टेबलावर ठेवून बाजूने बघा, तोच झुकाव दिसेल.

तोटे होतेच, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लांब शॅकलची गाडी वळणावर डुलायची, ब्रेक मारला की नाक आपटायची, हेडलाइट जवळच्याच रस्त्यावर पडायचे. हवेच्या शॉकअपने तर गाडीचं वजन अशा जागी येई, जी ते पेलण्यासाठी बनवलेलीच नव्हती. ८०च्या दशकात ‘प्रो स्ट्रीट’वाल्यांनी मागची चेसिस कापून टायर बॉडीच्या आत घेतले, उंचीची गरज संपली. पुढे गाड्या चारही चाकांवर खाली बसू लागल्या. उरलेल्या मसल कार कारखान्यातून निघाल्या तशा, स्क्रूपर्यंत मूळ करण्याचा ध्यास आला. २०१४ मध्ये एक १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल लिलावात ३५ लाख डॉलरना गेली.

आजची ओढ त्या लिलावातल्या गाडीकडची नाही. ती ‘डे टू’ नावाच्या प्रकाराकडे आहे, म्हणजे गाडी घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी मालकाने केलेले बदल जपणं. हे लोक जुन्या क्रेगर चाकांच्या जोड्या शोधतात, डब्यात पडून राहिलेले हायजॅकर मिळवतात. मडगार्डची आतली कड, पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी टायरला जागा व्हावी म्हणून हातोडीने ठोकून वळवलेली, रंगारी सरळ करायला निघाला की ते त्याला थांबवतात.