ट्रायम्फ टीआरचं इंजिन ८३ वरून ८७ वर जातं, त्यामागची गोष्ट

नाशिकमधल्या अंबडच्या एका शेडमध्ये सध्या मित्राच्या ट्रायम्फ टीआर३ या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन उघडून ठेवलंय, आणि तिथं डोकावणारा प्रत्येक जण एकच विचारतोय की ८३ एमएमचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८७ कसा काय होणार, ब्लॉकची वाट नाही का लागणार. प्रश्न एकदम बरोबर आहे. साध्या इंजिनात चार एमएम बोअर मारला तर दोन सिलिंडरमधली भिंतच उरायची नाही. पण या इंजिनात ब्लॉकला बोअर मारायचाच नसतो. असं का, ते समजायला ट्रॅक्टरपासून सुरुवात करावी लागते.

हॅरी फर्ग्युसन म्हणजे तोच, ज्याच्या थ्री पॉइंट लिंकेजला आज निफाड-दिंडोरीकडं प्रत्येक ट्रॅक्टरमागं रोटाव्हेटर लावलेला दिसतो. त्याचा टीई२० हा राखाडी ट्रॅक्टर १९४६ पासून कॉव्हेंट्रीत स्टँडर्ड मोटर कंपनी बनवायची. आधी त्यात अमेरिकन कॉन्टिनेंटल इंजिन यायचं, मग स्टँडर्डनं स्वतःचं आणलं, ८० एमएम बोअर, ९२ एमएम स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर), १८५० सीसी. तेच डिझाइन बोअर ८५ करून, म्हणजे २०८८ सीसीचं, त्यांच्या व्हॅनगार्ड गाडीत गेलं. लोक सरसकट 'टीआरमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन आहे' म्हणतात ते मला अर्धवट वाटतं, कारण हे इंजिन गाडी आणि ट्रॅक्टर दोघांनी मिळून वाटून घेतलेलं आहे.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेट लायनर. सिलिंडर ब्लॉकमध्ये कोरलेला नसतो, वेगळी नळी वरून बसवलेली असते आणि तिच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. सिलिंडर झिजला की लायनर अन् पिस्टन काढायचे, नवीन टाकायचे, ब्लॉक मशिनवर न्यायची गरजच नाही. शेतावरच्या माणसासाठी याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही, आणि पुढं रेसिंगवाल्यांनी नेमका याचाच फायदा घेतला.

१९५२ च्या लंडन मोटर शोमध्ये स्टँडर्डनं (ट्रायम्फ तोवर त्यांच्याच मालकीची झाली होती) एक छोटी टू सीटर दाखवली. केन रिचर्डसननं ती चालवून पाहिली आणि गाडी धोकादायक आहे असं तोंडावर सांगितलं, तर कंपनीचे सर जॉन ब्लॅक यांनी त्यालाच ती सुधारायचं काम दिलं. त्यातून १९५३ ची टीआर२ आली. रेसिंगच्या दोन लिटरच्या क्लासमध्ये बसावी म्हणून इथं बोअर उलटा कमी केला, ८५ चा ८३, म्हणजे १९९१ सीसी. दोन एसयू कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशन, आणि ४८०० आरपीएमला ९० हॉर्सपॉवर. ट्रॅक्टरवर याच घराण्याचं इंजिन तिशीच्या आतच असायचं, विचार करा. त्याच वर्षी मे महिन्यात रिचर्डसननंच बेल्जियमच्या याबेके हायवेवर टीआर२ ताशी २०० किलोमीटरच्या वर नेली.

पुढं हेडची (सिलिंडरवरच्या झाकणाची) पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायचे मार्ग, सुधारून टीआर३ आधी ९५ आणि मग १०० हॉर्सपॉवरला गेली, १९५६ पासून पुढं डिस्क ब्रेकही आले, आणि १९६१ च्या टीआर४ मध्ये कंपनीनंच ८६ चे लायनर टाकून २१३८ सीसी केलं. म्हणजे मोठा लायनर टाकणं हा जुगाड नाही, कंपनीची स्वतःचीच वाट आहे. बाहेरच्या ट्युनरनी ती ८७ पर्यंत नेली, २१८७ सीसी, आणि टीआर३ वाले आज बहुतेक हाच सेट टाकतात.

पण खरी मेहनत लायनर बसवण्यात आहे. ब्लॉकच्या खालच्या काठावर इंग्रजी आठच्या आकाराचं पातळ गॅस्केट असतं, दोन लायनरना मिळून एक, त्याच्यावर लायनर टेकतो. वरून दाबून धरल्यावर त्याची कड ब्लॉकच्या वर तीन ते पाच थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) यायला हवी, डायल गेज लावूनच बघायचं. काठावर जुना क्षार राहिला की एक बाजू वर, दुसरी खाली, मग हेड गॅस्केट नीट दाबलं जात नाही, खालून सील सुटलं तर पाणी थेट ऑइलमध्ये. आणि हेड काढलेलं असताना लायनर क्लॅम्प न करता क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) फिरवायचा नाही, पिस्टनबरोबर लायनर वर उचलला जातो आणि सगळं परत करावं लागतं. इथले ट्रॅक्टर उघडणारे जुने मेकॅनिक हे न सांगता करतात, म्हणून मला वाटतं नाशिकमध्ये हे काम नीट होऊ शकतं.

मर्यादा मात्र इंजिनाच्या खालच्या भागात आहे. क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग आणि स्ट्रोक ९२ चा लांब, त्यामुळं खालचा टॉर्क मस्त, कसाऱ्याच्या घाटात गिअर सारखा बदलावा लागत नाही, पण ५५०० च्या वर सतत ताणलं तर क्रँक दगा देतो. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कितीही तेज टाका, आधी क्रँक तपासून बॅलन्स करून घ्या.

ट्रायम्फनं स्वतः १९६७ मध्ये हा नाद सोडला, टीआर५ मध्ये सहा सिलिंडरचं अडीच लिटर इंजिन लुकास फ्यूएल इंजेक्शनसकट आलं. आपल्याकडं मात्र हेच चार सिलिंडरवालं परत आलं. मद्रासच्या स्टँडर्डनं १९८५ मध्ये रोव्हरच्या बॉडीत, जिच्यात इंग्लंडमध्ये साडेतीन लिटरचं व्ही८ सुद्धा मिळायचं, हे १९९१ सीसीचं इंजिन टाकून स्टँडर्ड २००० विकायला काढली, ८३ हॉर्सपॉवर, म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वीच्या टीआर२ पेक्षा सातने कमी.