वाहतं, नितळ पाणी म्हणजे पिण्याजोगं पाणी नव्हे
दूरच्या नदीवर गळ टाकायला जाणारे अजूनही बिनधास्त सांगतात, ‘वाहतं पाणी शुद्धच असतं, खुशाल प्या.’ हे खरं नाही. जिआर्डिया या परजीवीचे कोष डोळ्यांना दिसत नाहीत आणि थंडगार पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतात. वरच्या अंगाला बाधित जनावराची विष्ठा पडली की पुरे! जुलाब, पोटात मुरडा हा त्रास बहुधा १ ते २ आठवड्यांनी सुरू होतो. तोवर ते पाणी कुणाच्या लक्षातही नसतं, म्हणूनच हा समज टिकलाय. नुसत्या क्लोरीनच्या गोळ्यांवरही विसंबू नका, क्रिप्टोस्पोरिडियम हा दुसरा परजीवी त्यांना दाद देत नाही. पाणी खळखळून १ मिनिट उकळा. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. सरपण ओलं निघू शकतं, तेव्हा छोटा स्टोव्ह सोबत घ्याच.