१-०-१ मध्ये न बसणारी गोळी

औषधाच्या दुकानातलं समुपदेशन बहुतेकदा तीन आकड्यांत उरकतं. कात्रीने पट्टी कापायची, पाकिटावर पेनाने १-०-१ लिहायचं, पुढचं गिऱ्हाईक. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. लिपी झकास आहे, अक्षरओळख नसलेल्यालाही कळते. पण तिच्यात वार लिहायला जागा नाही. आणि एका गोळीचा सगळा खेळच वारावर चालतो: मेथोट्रेक्सेट.

रुमेटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातात ती आठवड्यातून एकदाच देतात, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. सोरायसिस या त्वचारोगातही देतात. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावूही शकतो. आठवड्याला औषध आणि रोज घेतली की विष, हे कसं काय? इथे मला जरा रमू द्या.

पेशीला दोन व्हायचं तर डीएनएची नवी प्रत हवी आणि प्रतीसाठी थायमिन हवं (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक; बी-१ जीवनसत्त्व थायमिन ते वेगळं). थायमिन घडवताना एक कार्बन अणू जोडावा लागतो. तो आणून देणारा हमाल म्हणजे फोलेट हे जीवनसत्त्व. ओझं उतरवताना या हमालाचं रूप बदलतं, आणि त्याला पुन्हा कामाजोगं करण्याचं काम डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाचं एन्झाइम करतं. मेथोट्रेक्सेट दिसतं फोलेटसारखंच. एन्झाइम त्याला धरतं आणि अडकून बसतं. थायमिन थांबलं की सर्वांत आधी मार बसतो तो सतत विभागणाऱ्या पेशींना, म्हणजे अस्थिमज्जा, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर.

आता वाराची गंमत. रक्तातून हे औषध दिवसभरात बरंचसं निघून जातं. पण पेशीत शिरलेल्या रेणूला पेशी ग्लुटामेटच्या शेपट्या जोडते (अजिनोमोटोतलं तेच ग्लुटामेट). एक, दोन, तीन... शेपूट वाढली की रेणू दाराबाहेर मावत नाही, आतच कोंडतो आणि आठवडेच्या आठवडे राहतो. म्हणून आठवड्याची एक मात्रा पुरते. रोज घेतली तर मज्जेला सावरायला फुरसतच मिळत नाही. इथे मात्रा केवढी यापेक्षा मारा किती दिवस चालू राहिला हे महत्त्वाचं ठरतं. (संधिवातात ही गोळी सूज उतरवते ती बहुधा अ‍ॅडेनोसिन वाढवून, म्हणजे वेगळ्याच वाटेने. ती वाट आज सोडून देतो.)

या फोलेटच्या शोधाची एक वाट मुंबईतून जाते. १९२८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स तिथे आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट. पुढे आंध्रातल्या भीमावरमचे जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड (फोलेटचंच एक रूप) कृत्रिमरीत्या बनवलं आणि मेथोट्रेक्सेटसारखे त्याचे तोतये भाऊही.

असो, काउंटरवर परत येऊ. "कळलं ना?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं: "हो." अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या फार्मासिस्टांनी त्याऐवजी तीन प्रश्न रुळवले. डॉक्टरांनी ही गोळी कशासाठी सांगितली? कशी घ्यायला सांगितली? घेतल्यावर काय होईल म्हणाले? यांना नुसतं "हो" म्हणून सुटता येत नाही. शेवटी, "मावशी, आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय करणार?" मावशी म्हणाल्या, "रोज रात्री जेवल्यावर," की चूक दुकानातच सापडली. रुग्णाशी औषधाबद्दल बोलणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे, असं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये लिहिलेलंच आहे. ती खास मेहेरबानी नव्हे.

मग वार ठरवायचा. शनिवारी औषध सुरू करू नये म्हणणारे भेटतात. शनीला डायहायड्रोफोलेट रिडक्टेज ठाऊक नसावं. मला आठवडी बाजाराचा वार आवडतो, कारण तो कुणी विसरत नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरात "फक्त बुधवारी" लिहायचं आणि पट्टी कापताना औषधाचं नाव उडणार नाही हे बघायचं. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही बहुधा पिवळीच असते, तिला डॉक्टरांनी सांगितलेला वेगळा वार. ती दुष्परिणाम कमी करते, पण मेथोट्रेक्सेट जास्त झालं तर तिचा उतारा म्हणून उपयोग नाही. तिलाही त्याच अडकलेल्या एन्झाइममधून जावं लागतं. उतारा फॉलिनिक अ‍ॅसिडचा. त्याला त्या एन्झाइमची गरज नसते, आणि तो रुग्णालयातच देतात.

काळजीचा आराखडा म्हणतात तो एवढाच: वार, ठरल्या वेळी रक्ताची आणि यकृताची तपासणी, गरोदरपण टाळणं, दारू नको. तोंड आलं किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टर. आणि "साइड इफेक्ट नाहीत" म्हणून विकली जाणारी बिनलेबलची सांधेदुखीची पूड घेत असाल तर तेही सांगा. अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे.

सहा महिन्यांनी मावशींना लघवीची जळजळ होते. दुसरे डॉक्टर को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहितात. त्यातलं ट्रायमेथोप्रिमही फोलेटच्याच वाटेवर घाव घालतं, शिवाय ही गोळी मेथोट्रेक्सेटला मूत्रपिंडातून नीट बाहेर पडू देत नाही. नव्या चिठ्ठीत जुन्या गोळीचा उल्लेख नसतो. दुकानातल्या वहीत मावशींच्या नावापुढे "बुधवार" लिहिलेला असला, तर फार्मासिस्ट गोळी काढण्याआधी डॉक्टरांना फोन लावतो.