इयाशिकेई (कल्पनारम्य ॲनिमे)

इयाशिकेई : मन निववणाऱ्या, संथ गतीच्या जपानी चित्रकथा (मांगा) आणि चलत्‌चित्रमालिका (ॲनिमे) यांचा एक वर्ग. जपानी ‘इयासु’ (व्याधी बरी करणे, व्यथा शमवणे) या क्रियापदापासून ‘इयाशी’ हे नाम झाले. ‘केई’ म्हणजे कुळी किंवा प्रकार. या वर्गातील पुष्कळ मालिका शाळा, घर, खेडे अशा रोजच्या जगण्यावर आहेत. त्यांचा येथे विचार केलेला नाही. जिथे जग अद्भुत आहे पण त्या अद्भुताला कसलीच घाई नाही, अशा कल्पनारम्य शाखेपुरती ही नोंद मर्यादित आहे. या शाखेत संघर्षापेक्षा ऋतू, उजेड, आवाज, वाट आणि आठवण यांना अधिक जागा मिळते.

संज्ञा व उगम : ‘इयासु’ हे क्रियापद जुने आहे. ‘इयाशी’ या नामाचा आजच्या सामाजिक अर्थाने प्रसार मात्र बहुधा १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून झाला. त्याचे श्रेय अनेकदा मानवशास्त्रज्ञ नोरियुकी उएदा यांना दिले जाते. उएदा यांनी १९८६पासून श्रीलंकेत बाधा उतरवण्याच्या विधींचा क्षेत्राभ्यास केला. बाधा एकाकी माणसाला होते आणि रात्रभर चालणारा नाच, ढोल, सोंगे व थट्टामस्करी यांतून त्याला पुन्हा गावात सामावून घेतले जाते, असे या विधींचे आकलन त्यांनी मांडले. जपानी प्रेक्षक आज एकट्याने, रात्री उशिरा, पडद्यासमोर बसून जी ‘इयाशी’ अनुभवतो, तिच्या नावाच्या प्रसारामागे अशी गावकीची, गोंगाटाची पार्श्वभूमी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शब्द घरोघरी पोचला तो १९९५नंतर. त्या वर्षी १७ जानेवारीला कोबे परिसरात झालेल्या हानशिन भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली आणि २० मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाने सरिन वायू सोडला. दशकाच्या सुरुवातीला फुगलेली अर्थव्यवस्था कोसळलेलीच होती. पुढच्या काही वर्षांत संगीत, सुगंधी तेले, स्नानगृहे, पाळीव प्राणी अशा नाना गोष्टींवर ‘इयाशी’ची चिठ्ठी लागली. १९९९मध्ये संगीतकार र्युइची साकामोतो यांची एका शक्तिवर्धक औषधाच्या जाहिरातीसाठी रचलेली संथ पियानोरचना विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि त्याच वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या वार्षिक निवडीत ‘इयाशी’चा समावेश झाला. तिला ‘केई’ जोडून कथांचा वर्ग ओळखण्याची रीत साधारणपणे २०००च्या आगेमागे रूढ झाली असावी.

यावरून इयाशिकेई हे १९९५च्या आघाताचे अपत्य आहे, असे विधान सर्रास केले जाते. त्यात एक अडचण आहे. या वर्गाची आद्य कृती म्हणून जिचा निर्विवादपणे उल्लेख होतो, ती हितोशी आशिनानो यांची ‘योकोहामा काइदाशी किको’ ही चित्रकथा कोदान्शा प्रकाशनाच्या ‘आफ्टरनून’ मासिकात १९९४मध्ये, म्हणजे भूकंपाच्या आधीच, सुरू झाली होती. ती २००६पर्यंत चालली. समुद्राची पातळी वाढून किनारे बुडाले आहेत, माणसे कमी होत चालली आहेत आणि आल्फा नावाची यंत्रमानव तरुणी एका आडवाटेच्या कॅफेत क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कॉफी करते. लेखकाने या काळाला ‘युनागी’चा काळ म्हटले आहे. युनागी म्हणजे दिवसाचे खारे वारे थांबून रात्रीचे मतलई वारे सुरू होण्याआधीची निर्वात संध्याकाळ. जगबुडीच्या कथेला असा मंद उजेड देणारी कल्पना कोणत्याही एका दुर्घटनेची प्रतिक्रिया म्हणून समजावता येत नाही. १९९५च्या घटनांनी या कृतींना नाव आणि वाचकवर्ग मिळवून दिला, कृतींची घडण मात्र त्याआधीच सुरू झाली होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘आफ्टरनून’ मासिक होते, साप्ताहिक नव्हते, हीसुद्धा दुर्लक्षित राहिलेली बाब आहे. आठवड्याच्या आठवड्याला वाचकाला टांगून ठेवण्याचा धाक तिथे कमी होता. युकी उरुशिबारा यांची ‘मुशिशी’ही पुढे याच मासिकात आली.

गतीचे स्वरूप : या मालिकांच्या संथपणाचे स्पष्टीकरण बहुधा ‘मा’ या संकल्पनेने दिले जाते. ‘मा’ म्हणजे दोन गोष्टींमधले अंतर, मधला अवकाश, मधला क्षण. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी २००२मध्ये अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांना टाळ्या वाजवून दाखवत दोन टाळ्यांमधला काळ म्हणजे ‘मा’ असे सांगितले होते, आणि तो दाखला तेव्हापासून सतत उद्‌धृत होतो. चित्रकथांविषयी अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मक्लाउड यांनी १९९३मध्ये असेच निरीक्षण नोंदवले. एकाच स्थळाच्या, एकाच क्षणाच्या निरनिराळ्या बाजू दाखवत जाणाऱ्या चौकटी जपानी चित्रकथांत पाश्चात्त्य चित्रकथांपेक्षा जास्त आढळतात, असे त्यांचे म्हणणे. त्याही आधी, १९७९मध्ये, चित्रपट-अभ्यासक नोएल बर्च यांनी जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या चित्रपटांतील रिकाम्या खोल्या, वाळत घातलेले कपडे, धुराडी अशा निर्मनुष्य दृश्यांना जुन्या जपानी कवितेतील ‘माकुराकोतोबा’ (अक्षरशः उशी-शब्द) या अलंकाराची उपमा दिली होती.

ही परंपरा खरी आहे, परंतु तिच्यावर फार भार टाकू नये. ‘मा’ला सर्व जपानी कलांची गुरुकिल्ली मानण्याची प्रथा बरीचशी आधुनिक असून, वास्तुशिल्पी आराता इसोझाकी यांनी १९७८मध्ये पॅरिसला याच विषयावर भरवलेल्या प्रदर्शनानंतर ती परदेशी लेखनात विशेष रुजली. शिवाय त्याच देशात अत्यंत वेगवान, कर्कश ॲनिमेही निघतात.

निर्मितीतंत्राचा धागा अधिक हाती लागणारा आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. जपानी दूरचित्रवाणीसाठी एक चित्र तीन चौकटी धरून ठेवण्याची, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठच चित्रे काढण्याची, पद्धत पडली. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा पैसा व मनुष्यबळ वाचवण्यासाठी स्थिर चित्र धरणे, त्यावरून कॅमेरा सरकवणे, फक्त ओठ हलवणे अशा युक्त्या सर्रास वापरल्या गेल्या. स्थिर चित्राला जपानीत ‘तोमे-ए’ म्हणतात. दिग्दर्शक ओसामु देझाकी यांनी १९७०च्या दशकात या काटकसरीचे अलंकारात रूपांतर केले. भावनेच्या ऐन शिखरावर हालचाल थांबते आणि पोत भरलेले एकच रंगचित्र पडद्यावर ठरते. संथ कल्पनारम्य मालिकांनी हा थांबा शिखरावरून काढून सपाटीवर आणला. काहीच घडत नसताना चित्र थांबते, आवाज मात्र चालू राहतो: ओढा, किरकिर, पागोळ्या, दूरची पावले. थांबलेले चित्र आणि वाहता आवाज यांच्या या जोडीतूनच वातावरण उभे राहते.

संथ मालिका स्वस्तात होते, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. पाणी, धूर, कापडाच्या चुण्या, पेला उचलणारा हात यांच्या संथ हालचालीत प्रत्येक चूक डोळ्याला दिसते. धावपळीत ती लपते.

प्रमुख मालिका : ‘हाइबाने रेनमेई’ (२००२, १३ भाग) ही योशितोशी आबे यांच्या स्वप्रकाशित चित्रकथेवर आधारित व तोमोकाझु तोकोरो यांनी दिग्दर्शित केलेली मालिका. उंच भिंतीने वेढलेल्या गुरी नावाच्या गावात कोशांतून जन्मणाऱ्या, राखाडी पंखांच्या तरुणी राहतात. कोशातल्या स्वप्नावरून त्यांना नावे मिळतात. इतरांनी वापरून टाकलेलेच कपडे व वस्तू त्यांनी वापराव्यात असा नियम आहे. त्या कुठून आल्या आणि भिंतीपलीकडे काय आहे, हे मालिका सांगत नाही, आणि न सांगण्यातच तिचे बळ आहे. ‘किनो नो ताबी’ (२००३) ही केइइची शिगुसावा यांच्या कादंबरीमालेवरील, र्युतारो नाकामुरा दिग्दर्शित मालिका. प्रवासी किनो कोणत्याही देशात तीन दिवसांहून अधिक थांबत नाही. कोझुए अमानो यांच्या चित्रकथेवरून जुनइची सातो यांनी केलेली ‘आरिया’ (पहिले पर्व २००५) मंगळावर वसवलेल्या नव्या व्हेनिसमध्ये घडते. तेथील वर्ष २४ महिन्यांचे असल्याने एकेक ऋतू सहा महिने टिकतो, आणि मालिका त्याचा पुरेपूर उपभोग घेते.

या शाखेचे मानदंड म्हणून ‘मुशिशी’चे नाव घ्यावे लागेल. मूळ चित्रकथा १९९९ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाली. हिरोशी नागाहामा दिग्दर्शित, आर्टलँडनिर्मित मालिका ऑक्टोबर २००५पासून फुजी टीव्हीवर दाखवली गेली (२६ भाग, दुसरे पर्व २०१४). ‘मुशी’ म्हणजे सामान्यतः किडा. शीर्षकात मात्र कीटकचिन्ह तीनदा रचून होणारे जुने अक्षर वापरले आहे. कथेतील मुशी प्राणी नाहीत, वनस्पती नाहीत. जीवसृष्टीच्या मुळाशी जवळ असलेली, बहुतेकांना न दिसणारी ती रूपे आहेत. त्या आवाज खातात, पापणीमागच्या अंधारात राहतात, इंद्रधनुष्य होऊन फिरतात. त्यांच्यात दुष्टावा नाही. जगण्याच्या ओघात माणसाला त्यांची इजा होते, इतकेच. गिन्को हा फिरता जाणकार पाठीवर लाकडी पेटी घेऊन गावोगाव जातो. मुशी त्याच्याकडे ओढल्या जातात, म्हणून त्याला कुठेच घर करता येत नाही. काळ एदो (१८६८पर्यंतचा) आणि मेइजी (त्यानंतरचा) या कालखंडांच्या मधला, कल्पित. प्रत्येक भाग स्वतंत्र आहे आणि तोशिओ मासुदा यांनी बहुतेक प्रत्येक भागाच्या अखेरीस वेगळी रचना योजली आहे. भाग संपल्यावर प्रेक्षक लगेच उठत नाही, त्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. चित्रकथेला २००६चा कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. कात्सुहिरो ओतोमो यांनी त्याच वर्षी केलेला सजीव नटांचा चित्रपट त्या मानाने विस्मरणात गेला.

युकी मिदोरिकावा यांच्या चित्रकथेवरील ‘नात्सुमे युजिनचो’ (२००८पासून, सात पर्वे) लोकप्रियतेत ‘मुशिशी’च्या पुढे आहे. तिच्यातील शेते, नदी व देवळे बरीचशी कुमामोतो प्रांतातील हितोयोशी परिसरावर बेतलेली असून चाहते तेथे आवर्जून जातात.

‘सोसो नो फ्रीरेन’ (चित्रकथा २०२०पासून, लेखन कानेहितो यामादा, चित्रे त्सुकासा आबे) हिच्यामुळे ही शाखा मुख्य प्रवाहात आली. मॅडहाउसनिर्मित, केइइचिरो साइतो दिग्दर्शित पहिले पर्व (२८ भाग) २९ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाले; पहिले चार भाग निप्पॉन टीव्हीने सलग दोन तासांच्या कार्यक्रमात दाखवले. नेहमीची कथा जिथे संपते तिथून ही सुरू होते. दहा वर्षांच्या मोहिमेनंतर दैत्यराज मारला गेला आहे. मोहिमेतील जादूगार, हजारांहून अधिक वर्षे जगलेल्या फ्रीरेनला ती दहा वर्षे क्षणभराची वाटतात. ५० वर्षांनी सोबती हिमेलच्या अंत्यविधीला ती येते आणि आपण या माणसाला ओळखून घेण्याचा प्रयत्नच केला नाही, हे उमगून रडते. पुढचा सारा प्रवास त्या एका उमगण्याचा आहे. पडद्यावर वर्षे ‘वीर हिमेलच्या मृत्यूनंतर इतकी’ अशी मोजली जातात. मराठी वाचकाला शके आणि शिवशक परिचित आहेत. येथे शक सुरू होतो तो कोणाच्या विजयापासून वा राज्याभिषेकापासून नव्हे, एका मित्राच्या जाण्यापासून. साप्ताहिकात चालणारी कथा असल्याने तिच्यात लढाया आहेत, परीक्षांचे एक लांबलचक प्रकरणही आहे, आणि त्या भागांत ती सर्वसाधारण साहसकथांच्या जवळ जाते.

आकर्षणाची मीमांसा : माध्यम-अभ्यासक पॉल रोके यांनी ‘ॲम्बियंट मीडिया’ (२०१६) या ग्रंथात अशा वातावरणप्रधान कृतींना आधुनिक माणसाने स्वतःची मनःस्थिती स्वतःच सावरण्याच्या सवयीशी जोडले आहे. ही कृती पाहायची नसून तिच्यात काही वेळ राहायचे असते, असा त्याचा आशय. पार्श्वसंगीत आणि दृश्यफितींना हे विवेचन चपखल लागू पडते. कथात्म मालिकांना ते अपुरे पडते, कारण त्यांतील श्रेष्ठ कृती सुखद नाहीत. ‘मुशिशी’त मुले मरतात, गावे ओसाड पडतात, ‘हाइबाने रेनमेई’च्या शेवटाकडे अपराधभावनेने पोखरलेले एक मन उघडे पडते. जपानी विद्वान मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) यांनी ‘गेंजीची कथा’ या अकराव्या शतकातील जपानी कादंबरीच्या विवेचनात मांडलेली ‘मोनो नो आवारे’, म्हणजे वस्तूंच्या क्षणिकतेने हेलावणे, ही जुनी संज्ञा येथे ‘इयाशी’पेक्षा जवळची वाटते.

प्रस्तुत लेखकाच्या मते या मालिकांना जोडणारे सूत्र कालगणनेत आहे. २४ महिन्यांचे वर्ष, तीन दिवसांचा मुक्काम, न थांबता येणारा वाटसरू, मृत्यूपासून मोजलेला शक, न सरणारी संध्याकाळ: प्रत्येकीने आपले स्वतंत्र पंचांग केले आहे आणि प्रेक्षकाला त्या पंचांगाने काही काळ जगायला लावले आहे. जादू, राक्षस, पंख ही त्या पंचांगाची केवळ साधने होत. वास्तववादी कथेत हजार वर्षे जगणारे पात्र आणता येत नाही, म्हणून काळाचा हा अनुभव कल्पनारम्य कथेलाच देता येतो.

मराठीत ‘इयाशिकेई’ला रुळलेला प्रतिशब्द नाही. शांतरसाशी तुलना सुचते, पण शांतरसाचा स्थायिभाव शम मानला गेला आहे आणि या मालिकांतील पात्रे विरक्त नाहीत. आल्फा रोज कॅफे उघडते आणि फ्रीरेन फुलांचे रान उगवण्याचा मंत्र जपून ठेवते.