इंडक्शन शेगडी: ऊर्जा किती वाचते आणि बिल किती येतं

"गॅसपेक्षा स्वस्त पडेल का?" शेगडी बघायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. इंडक्शनला ऊर्जा कमी लागते, यात शंका नाही. पण ऊर्जा कमी लागली म्हणजे पैसेही कमी लागतील, असं नसतं. हिशोब घरातलं शेवटचं वीजबिल समोर ठेवूनच करावा लागतो. तो कसा करायचा, ते या पत्रकात दिलं आहे.

उष्णता जाते कुठे

गॅसच्या ज्योतीतली बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते आणि स्वयंपाकघर तापवते. भारतीय मानकानुसार घरगुती एलपीजी शेगडीची कार्यक्षमता चाचणीत किमान ६८ टक्के असावी लागते. रोजच्या वापरात ज्योत बुडाबाहेर येते, बर्नरची भोकं बुजतात, लहान पातेलं मोठ्या बर्नरवर चढतं. म्हणून घरच्या हिशोबात आम्ही ६० टक्के धरतो.

कॉइलच्या विजेच्या शेगडीत आधी तार तापते, मग प्लेट आणि शेवटी भांडं. तिची कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या आसपास असते. इन्फ्रारेड शेगडीही त्याच गटातली. ती कोणतंही भांडं चालवून घेते, पण तिची काच लालबुंद होते. दिसायला सारखी असली तरी ती इंडक्शन नव्हे.

इंडक्शनमध्ये काचेखालच्या तांब्याच्या कॉइलमधून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह तयार होतो आणि बुड स्वतः तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. विजेपैकी सुमारे ८५ टक्के उष्णता अन्नापर्यंत पोहोचते. बाकीची कॉइल, सर्किट आणि पंखा यांत जाते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला इंडक्शनवर ०.१ युनिट, कॉइलवर ०.१२ युनिट आणि गॅसवर सुमारे ११ ग्रॅम एलपीजी लागतो. घरी पडताळून पाहता येतं: बाकी सगळी उपकरणं बंद करा आणि मीटरवरच्या लाल दिव्याचे ठिपके, म्हणजे तो किती वेळा लुकलुकतो ते, मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं छापलेलं असेल, तर एक लिटरला साधारण ३२० ठिपके यायला हवेत. ४०० च्या वर गेले तर भांड्याचं बुड तपासा, आणि झाकण ठेवलं होतं का तेही आठवा. उघड्या पातेल्यात कोणत्याही शेगडीची बचत वाफेबरोबर उडून जाते.

सिलिंडरच्या किमतीला १२८ ने भागा

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८१ युनिट इतकी उष्णता असते. ६० टक्क्यांनी त्यातली १०९ अन्नाला मिळते. तेवढंच काम इंडक्शनवर करायला १०९ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे १२८ युनिट वीज लागेल. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडतो. ९०० भागिले १२८ म्हणजे ७ रुपये ३ पैसे. तुमचं वाढीव युनिट याहून महाग असेल तर गॅस स्वस्त, कमी असेल तर इंडक्शन.

इथे 'वाढीव' हा शब्द महत्त्वाचा आहे. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट हा सरासरी दर इथे चालत नाही. महावितरणचे घरगुती टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे चढत जातात, आणि इंडक्शनची युनिटं नेहमी वरच्या टोकाला जोडली जातात. सध्या २५० युनिट येत असतील आणि सिलिंडर दीड महिना पुरत असेल, तर पूर्ण स्वयंपाक इंडक्शनवर नेल्यास महिन्याला सुमारे ८५ युनिट वाढतील. त्यातली ५० दुसऱ्या टप्प्यात बसतील, ३५ तिसऱ्या टप्प्यात. प्रत्येक टप्प्याच्या वीज आकारात वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा, त्यावर १६ टक्के वीज शुल्क लावा. स्थिर आकार यात धरू नका, तो तसाही भरावाच लागतो.

पाईपच्या गॅसचा हिशोब वेगळा: एक घनमीटर गॅसचं काम साधारण सव्वासहा युनिटांत होतं.

छतावर सोलर असेल आणि महिन्याला युनिटं शिल्लक राहत असतील, तर इंडक्शन निःशंक घ्या. वीज कोळशाची असेल तर मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. ८५ टक्के ही कार्यक्षमता तुमच्या ओट्यावरची आहे, खाणीपासूनची नव्हे.

भांडी

लोहचुंबक बुडाला घट्ट चिकटला तर भांडं चालेल. नुसता टेकल्यासारखा वाटला तर तापेल, पण हळू. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ चालत नाही. भांडी बाजारातून हौसेने आणलेली पितळी पातेली गॅससाठीच ठेवा. स्टीलचीही सगळी भांडी चालत नाहीत, कारण ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक धरत नाही. बुड सपाट आणि किमान १२ सेंटिमीटर हवं. चहाचं छोटं भांडं शेगडी ओळखत नाही आणि बीप करत राहते. त्यात बिघाड काही नाही.

पोळ्या लोखंडी सपाट तव्यावर होतात, फक्त कॉइलच्या वरचं कडं जास्त तापतं; तवा आधी मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापू द्या. विस्तवावर फुगवायची भाकरी, भरिताचं वांगं आणि पापड यांना ज्योतच लागते. म्हणून गॅसचा एक बर्नर ठेवाच, असं आम्ही सांगतो. कुकर, डाळ-भात, दूध, चहा, रस्सा इंडक्शनवर न्या. उकळी फुटली की पॉवर ४०० ते ६०० वॅटवर आणा, उकळतं पाणी जास्त विजेने आणखी गरम होत नाही. स्वस्त शेगड्या कमी आचेवर पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतात. तसं असेल तर दूध तापवताना समोरून हलू नका.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक फायदा कळतो: ज्योत नसल्याने छताचा पंखा सुरू ठेवून स्वयंपाक करता येतो.

वायरिंग

२००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर ८.७ ॲम्पिअर घेते. ६ ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर ती लावू नका. पिन काळी पडते, मग प्लास्टिक वितळतं. १६ ॲम्पिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, १६ ॲम्पिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग एवढं वायरमनकडून करून घ्या. बिलावरचा मंजूर भार बघा. गिझर आणि शेगडी एका वेळी चालवली की ४ किलोवॅट होतात. घरगुती इन्व्हर्टरवर शेगडी चालणार नाही.

पेसमेकर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

बिघडतं काय आणि का

बंद पडलेल्या शेगडीत आयजीबीटी (कॉइलचा प्रवाह वेगाने चालू-बंद करणारा भाग), ब्रिज रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) आणि फ्यूज हे तीन भाग बऱ्याचदा एकत्रच जळतात. मुळाशी बहुतेक वेळा उष्णता असते. खालच्या जाळीत धूळ आणि तेलकट मळ साचतो, किंवा शेगडीखाली वर्तमानपत्र अंथरलेलं असतं आणि पंख्याला हवा मिळत नाही. भिंतीपासून १० सेंटिमीटर जागा सोडा, महिन्यातून एकदा जाळी ब्रशने साफ करा. स्वयंपाक झाल्या झाल्या बोर्डाचं बटण बंद करू नका, आतला पंखा थांबू द्या. उबेला झुरळं आत शिरतात आणि सर्किटवर शॉर्ट होतो; रात्री शेगडी ओट्यावर न ठेवता कोरड्या फळीवर ठेवा.

काचेला बारीक तडा गेला तरी वापर लगेच थांबवा आणि प्लग काढा. तड्यातून उतू गेलेलं दूध थेट विजेच्या भागांवर उतरतं. टेप किंवा एम-सील लावून भागत नाही, काच बदलावीच लागते.