गर्डर टाकण्याआधी: मुंबईच्या व्हिक्टोरियन इमारतींतील दारा-खिडक्यांवरचा आधार

1860च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पडली आणि मोकळ्या जागेवर गॉथिक इमारती उभ्या राहिल्या. दगड दाब सोसतो, वाकवलं की तडकतो. म्हणून रुंद खिडक्यांवर कमानी आल्या आणि अखंड आडवा दगड अरुंद खिडक्यांपुरता राहिला. हायकोर्टाला इथलाच काळसर बेसाल्ट, बोरीबंदर स्थानकाला (आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) मालाडचा पिवळसर दगड. वॉटसन हॉटेलचा बिडाचा सांगाडा तर इंग्लंडहून सुट्या भागांत आला.

गिरगाव-काळबादेवीच्या घरांत आणि चाळींत मात्र सागवान होतं. चौकटीच्या वर, भिंतीच्या जाडीतच बसवलेली सागवानी तुळई आणि बरेचदा तिच्यावर विटांची छोटी कमान, वरचं ओझं दोन्ही बाजूंना वळवण्यासाठी. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल बाहेरही पडायची, त्यामुळे लाकूड टिकायचं.

खरा वाद 1969च्या कायद्यानंतरचा. सेस, म्हणजे दुरुस्तीसाठीचा कर, भरणाऱ्या जुन्या इमारतींची दुरुस्ती सरकारी यंत्रणेकडे आली आणि लाकडी तुळई काढून पोलादी गर्डर टाकणं हा जणू नियमच झाला. अभियंत्यांची बाजू पोकळ नव्हती: जाड सागवान महाग, जाणता सुतार मिळेना, घरात माणसं राहत असताना काम लवकर उरकायचं. पण या उपायाची किंमत भिंतीने मोजली. खाऱ्या हवेत गर्डर गंजतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि भोवतालची वीटच फोडतो. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरकी चढणारी भेग आणि गिलाव्यावरचे तांबूस ओघळ दिसले, की आत काय चाललंय ते कळतं.

बहुतेक तुळया पूर्ण कुजलेल्या नसतातच. भिंतीत रुतलेली टोकं ओलीने आणि वाळवीने जातात, मधला भाग ठोकला तर खणखणीत वाजतो. वरची विटांची कमान शाबूत असेल तर तुळईवर कमानीखालच्या थोड्याशा बांधकामाचंच ओझं असतं. अशा वेळी टेकू देऊन कुजलेलं टोक कापायचं, नवं सागवान सांधायचं आणि भोवती पुन्हा चुनाच भरायचा.